चहाचं तुम्ही बघा

कर्जतच्या नगरपरिषदेला मी उभं राहायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पत्रकावर सगळ्यात वर ‘हवामान न्याय’ असं छापलं होतं. नोकरीची सगळी वर्षं चौक गावच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे आपण समजावलं की लोकांना समजतंच, असा माझा गोड गैरसमज होता. धाकट्या दिरांनी पत्रक वाचून विचारलं, “वहिनी, हा न्याय कोणत्या कोर्टात मिळतो?” मी त्यांच्यावर चिडले. खरं तर मलाही ते चार सोप्या वाक्यांत सांगता येत नव्हतं.

सांगता आलं ते नदीकाठच्या वस्तीतल्या एका बाईला. तिचा नवरा वारलेला, मुलगी लोधिवलीला दिलेली, घरात ती एकटी. शनिवार-रविवारी ती वरच्या अंगाच्या फार्महाऊसवर भाकऱ्या भाजायला जायची. त्या मालकांनी नाल्यात भराव टाकून हिरवळ केली होती, आणि तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी वळून वस्तीत शिरायचं. ती म्हणाली, “बाई, त्यांची हिरवळ कोरडी ऱ्हाते नि आमचा तांदूळ भिजतो.” हे वाक्य मी उचललं आणि वॉर्डभर वापरलं, बहुतेक वेळा माझंच असल्यासारखं.

वस्तीत मला दारोदार तिनेच फिरवलं. कुणाच्या घरात पाणी गुडघ्यापर्यंत येतं, कुणाची म्हातारी सासू पोटमाळ्यावर चढवावी लागते, सगळं तिला पाठ. ती सोबत नसती तर मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

निवडणूक आज लागते, उद्या लागते असं चाललं होतं. तेवढ्यात संक्रांत आली. बाकीच्या इच्छुकांनी हॉल घेऊन हळदीकुंकवाचे कार्यक्रम लावले, स्टीलचे डबे वाटले. मी आधी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मग लक्षात आलं की माझ्या सभेला बायका येत नाहीत आणि हळदीकुंकवाला झाडून सगळ्या जातात. तेव्हा आमच्याही अंगणात मांडव पडला. वाण म्हणून कापडी पिशव्या, प्लास्टिक अजिबात नाही, यावर मी ठाम होते. माझी तत्त्वं त्या पिशव्यांपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली.

आदल्या दिवशी जाऊबाईंनी हळूच विचारलं, ती वस्तीतलीसुद्धा येणार का, आळीतल्या जुन्या बायकांना चालेल का. मी एकदम उसळले. आमच्या घरात असला भेदभाव होणार नाही, म्हटलं, आणि शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच आली. ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, केस चापून बसवले होते. पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी होती. फाटकातून आळीतल्या बायका आत येऊ लागल्या. आता ताट फिरेल, हिच्यापाशी येईल, मग काय करायचं? सगळ्यांसमोर हिला कुंकू लावलं तर यातली किती मतं जातील? मी एवढाच विचार केला. तिच्यापाशी गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “चहाचं तुम्ही बघाल का? तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.”

तिने एकदा खुर्चीकडे बघितलं आणि ती आत गेली.

मग मी माइक घेतला. पुराचं पाणी सगळ्यात आधी एकट्या बाईच्या घरात शिरतं, असं मी सांगत होते. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते. आतला कपबश्यांचा आवाज थांबला, तो मला ऐकू आला. तरी मी बोलत राहिले, कारण बोलणं रंगलं होतं. टाळ्याही पडल्या.

सगळ्या गेल्यावर मी एक पिशवी आणि तिळगूळ घेऊन आत गेले. तिने सगळे कप धुऊन पालथे घातले होते. पिशवी दोन्ही हातांनी घेत तिने विचारलं, “साखर बरोबर झालती ना?” मी हो म्हणाले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि तरीही मी फक्त साखरेबद्दलच बोलले.

पुढे प्रचारातही ती येत राहिली. मी तिच्याशी नको इतकी गोड वागायला लागले, पण त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. शेवटी मी पडले, चांगलीच पडले. ज्या बायकांसाठी तिला आत पाठवलं, त्यांनीही मत दुसरीकडेच दिलं होतं. जिंकले असते तर ही लाज मी कदाचित पचवली असती, हे कबूल करायला नको वाटतं, पण खरं आहे.

निकालानंतर आठवड्याने मी माफी मागायची असं घोकत तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. समोर बसले आणि माफीऐवजी तोंडातून भलतंच निघालं. म्हणाले, “पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

ती हसली. “ऱ्हाईन की बाई. पन मंग हळदीकुंकू कोन करंल?”

तिने टोमणा मारला नव्हता. हात थांबवून ती खरोखरच माझ्या उत्तराची वाट बघत होती. ‘मी करीन’, एवढंच म्हणायचं होतं. तेही मला म्हणता आलं नाही.