मोटर काढलेलं मशीन

मास्तरांच्या शिवणयंत्राची खडखड कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत ऐकू जायची. लेक लहानपणी त्याच आवाजात, चिंध्यांच्या ढिगावर मजेत झोपायची.

तीच लेक आता समुद्रापार होती आणि तिला पहिलं बाळ झालं होतं. मास्तरांची बॅग भरून तयार होती. वर झबलं ठेवलेलं, अंदाजाने शिवलेलं. फोनवरून बाळाचं माप कसं घेणार? आणि नेमकी तेव्हाच डावी पोटरी टम्म सुजली.

रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा त्यांचा आजार जुनाच. पाय दुखतात म्हणून लेकीनेच मायेने मशीनला मोटर बसवून दिली होती. मास्तर खूश! सकाळी बसले की जेवायलाच उठायचे.

"पोटरीत रक्ताची गुठळी झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या आजारात रक्त गोठण्याचा धोका मुळातच जास्त, आजार उसळला की आणखी वाढतो. त्यात तुम्ही दिवसभर पाय न हलवता बसता."

"विमानात येरझाऱ्या घालीन की."

"आणि गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर? आधी आजार शांत होऊ दे, मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली.

घरी बायकोने बॅग पलंगाखाली सरकवली. "लेकीला मोटरीचं बोलू नका हं. जिवाला लावून घेईल."

"एवढी अक्कल आहे मला!"

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरली. पाय चालवायची परवानगी मिळाली, तशी मास्तरांनी मोटर सोडवली आणि पायडलचा पट्टा पुन्हा चढवला.

ते शिवत असतानाच फोन आला. पलीकडे बाळाने घर डोक्यावर घेतलं होतं.

"बाबा, ही खडखड? मोटर कुठे गेली?"

"तिला गाता येत नाही गं."

लेक हसली. "फोन जरा मशीनजवळ ठेवा ना."

मास्तरांनी सुईतला दोरा काढला, फोन फळीवर टेकवला आणि नुसतंच पायडल मारू लागले. हळूहळू रडं ओसरलं. लेकीचाही आवाज येईना.

"झबलं पोस्टाने पाठवू या का?" बायको कुजबुजली. "तुम्ही जाईपर्यंत लहान होईल हो."

"होऊ दे. मोठं शिवीन," मास्तर म्हणाले. "पण घेऊन मीच जाणार."

फोन चालूच होता. त्यांनी पाय थांबवले नाहीत.