मामींच्या मुलाचं औषध

चेन्नईत नुंगंबाक्कमला मी दर शनिवारी मानसशास्त्राच्या वर्गाला जाते. परवा सरांनी एक जुनी कादंबरी शिकवली. एक विद्वान दगडात कोरलेल्या बाईच्या प्रेमात पडतो आणि त्या वेडात तिला शोधत परदेशी जातो. तिथे भेटलेली बालमैत्रीण त्याला तीच बाई वाटते. ती तसं वाटू देते आणि हळूहळू त्याला भानावर आणते. मनोविश्लेषण करणाऱ्यांनी या गोष्टीवर पानंच्या पानं लिहिली आहेत. "रुग्णाला बरं कसं करायचं, ते हिच्याकडून शिका," सर म्हणाले.

माझं डोकं फिरलं.

आमच्या तंजावरी घरात नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात. मी कॉलेजात असताना ओळखीच्या एक मामी कोलू बघायला आल्या. त्यांचा मुलगा रोज माझ्या बसस्टॉपवर येऊन उभा राहायचा, घरी धड जेवायचा नाही. मामींनी रीतीप्रमाणे बाहुल्यांपुढे गाणं म्हटलं आणि मग माझा हात धरला. "थोडे दिवस त्याच्याशी गोड बोल. तूच त्याचं औषध आहेस." माझी आईसुद्धा मान डोलावत होती.

मी प्रसादाच्या हरभऱ्यांची, सुंडलची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "मामी, त्याला डॉक्टरकडे न्या. हे काम माझं नाही."

वर्गात सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मी उभी राहिले. "सर, ती बालमैत्रीण नाही म्हणाली असती तर?"

सर चष्मा पुसायला लागले. मी खाली बसले नाही.