तीन आटे जास्तीचे

खालच्या आळीला चौदा आटे सुटतात, हे पाणीवाल्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कचेरीच्या भिंतीवरल्या कागदात अकरा लिहिले होते. पण कागद भिंतीवर आणि चावी ह्याच्या हातात. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. चेंबरचं झाकण सरकवायचं, तोंड व्हॉल्व्हवर बसवायचं, फिरवायचं. दर फेऱ्याला एक आटा. एकोणीस वर्षं हेच. गावानं त्याचं नाव कधीच पुसून टाकलं होतं. पगाराच्या कागदावर ते दिसलं, की त्यालाच कुणा पाहुण्याचं वाटे.

तीन आटे वाढले ते बायकोपायी. तिचे गुडघे गेले, घर खालच्या आळीत, नळ खाली आणि खोली जिन्यावर. वरच्या पिंपापर्यंत नळी गेलेली, पण अकरा आट्यांत पाणी जिना चढत नसे. बादली घेऊन वर येताना एकदा मधल्या पायरीवर बसून ती म्हणाली होती, “गावाचं पाणी नवऱ्याच्या हातात, आणि बायको पायऱ्या मोजतेय.” दुसऱ्या दिवशी वरच्या पिंपात धार पडली. पाण्याला आज पाय फुटले वाटतं, एवढंच ती म्हणाली, आणि पुढे सहा वर्षं तो विषय दोघांनीही काढला नाही.

वरच्या आळीचं पाणी त्या दिवसापासून करंगळीएवढं झालं. तक्रारी आल्या, की हा चढाकडे बोट दाखवी. पाणी काय शिडी लावून चढणार आहे, असं म्हणे. लोकांनाही ते पटे.

बायको जाऊन आता पावणेदोन महिने झाले होते. रडू आलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, हात चौदा आटे फिरवत होते. तिकडे घरी पिंप भरून वाहे, पाणी जिन्यावरून खाली येई, आणि घरी गेल्यावर हा एकेक पायरी पुसून काढी. पायऱ्या पुसण्यापेक्षा पिंपाचा नळच बंद ठेवावा, हे काही त्याच्या डोक्यात येत नव्हतं.

वरच्या आळीतली धुणंवाली तीन दिवस रिकामी बादली घेऊन, फेरे मोजत चेंबरपाशी उभी राहत होती. चौथ्या सकाळी ती म्हणाली, “काका, अकरा झाले. कचेरीच्या कागदात तेवढेच आहेत.”

त्याचा हात थांबला. मग सवयीनं बारावा फिरला, तेरावा, चौदावा.

“हे तीन कुणाचे?”

“घरचे.”

“काकू तर गेल्या ना?”

“हो.”

“मग?”

साधा प्रश्न होता, पण दोन महिन्यांत कुणी विचारलाच नव्हता. धुणंवाली भांडायला आली नव्हती. सासू अंथरुणाला खिळलेली, रोज चादरी धुवाव्या लागतात, लोकांचे कपडे तसेच पडून राहतात, गिऱ्हाइकं तुटत चालली आहेत, असं ती सांगत राहिली. कचेरीतल्या साहेबांकडे जाऊ का, असंही तिनं विचारलं. पण धमकीसारखं नाही, वाट विचारावी तसं.

त्यानं चावी उलटी फिरवली. एक. दोन. तिसऱ्याला हात जड झाला, तरी फिरवला. मग मुठीला कान लावला. लोखंडातून खालच्या पाण्याचा आवाज येई, तो बारीक झाला होता.

“जा. तुझा नळ सुटला असेल,” तो म्हणाला. ती बादली घेऊन चढाला लागली.

घरी आला, तर जिना कोरडा. वरच्या पिंपाच्या नळातून नुसती हवा येत होती, फुस्स, फुस्स. तो ती ऐकत उभा राहिला. आवाज बंद झाल्यावर त्यानं नळ पिळून बंद केला, बादली उचलली आणि खाली गेला. भरून वर येताना मधल्या पायरीवर बसला. दमला नव्हता, तरी बसला. बराच वेळ.

मग उठून बादली रात्रीच उपसून धुतलेल्या पिंपात ओतली. बूडभर पाणी झालं. अंघोळीला, भांड्याला, प्यायला तेवढं पुरलं. संध्याकाळी थोडं उरलंही.