जन्माआधीचा बाप्तिस्मा

ही तुमची आजी नव्हे, असं आंटींना मीच सांगितलं होतं. तेही ठासून. आठवलं की अजून माझा मला राग येतो.

सिंगापुरात, तोआ पायोहला आमच्याच मजल्यावर त्या एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची आजी तरुणपणी आयर्लंडहून इथे आली आणि इथेच वारली. तिच्या सरकारी जन्मनोंदीची नक्कल आंटींकडे होती, पण त्या कागदावर आईच्या नावाच्या जागी नुसता डाग. त्यावरून नातेवाईक कुजबुजत, हिला आईच नव्हती, कुठूनतरी आणलेली पोर. आंटींना ते लहानपणापासून लागलेलं. गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात प्रार्थना होते, त्यासाठी घरोघरच्या नावांच्या याद्या देतात. आंटींच्या यादीत आजीच्या नावाच्या वर, तिच्या आईसाठी, एक ओळ कोरी होती.

त्यांचे डोळे अधू, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. कितीतरी रविवार आम्ही लॅपटॉपपुढे बसलो. आजीच्या गावच्या चर्चच्या वहीची बरीच पानं ओल लागून गेलेली, उरलेल्यांवर फिकट लॅटिन. अखेर बाप्तिस्म्याची एक नोंद सापडली. मुलीचं नाव जुळत होतं, बापाचं जुळत होतं, आणि पुढे आईचं नाव स्पष्ट होतं. आंटींनी कोरी ओळ लगेच भरली.

मग मी तारखा ताडून पाहिल्या. सरकारी नकलेप्रमाणे आजीचा जन्म या बाप्तिस्म्यानंतर अकरा दिवसांनी झाला होता. कंपनीत माझं कामच डेटा साफ करायचं, न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकायचं.

"जन्माआधी बाप्तिस्मा होत नाही, आंटी. ही दुसरीच कोणी मुलगी."

"नेव्हर माइंड लाह," त्या म्हणाल्या. पट्टी घेऊन त्यांनी ते नाव खोडलं, अगदी सरळ रेषेत. नंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं नाही.

पुढच्या महिन्यात पुण्याहून बाबा आले. त्यांचा गुडघा दाखवायला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली.

"फर्स्ट जून," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गुरुजींची कृपा. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा."

हा विनोद मी लहानपणापासून ऐकतोय. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहीत. खऱ्या तारखा ज्याच्या त्याच्या आईला माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ज्याचे वडीलच खोट्या तारखेवर पेन्शनीत निघाले, त्याने आयर्लंडच्या सरकारी कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावा!

परतताना एमआरटीच्या गाडीत फोनवर शोधलं. आयर्लंडात त्या काळी जन्म उशिरा नोंदवला तर दंड होई, म्हणून आईबाप तारीख पुढची सांगत. बाप्तिस्मा मात्र लेकरू दगावेल या धास्तीने लगोलग उरकत. चर्चची तारीख खरी होती.

घरी न जाता बाबांना घेऊन सरळ आंटींचं दार वाजवलं. चूक माझी होती, म्हणालो, आणि सगळं समजावलं.

"शुअर आह?"

"शुअर. ही तुमचीच आजी. तिला आई होती."

त्यांनी यादी आणली आणि खोडलेल्या नावाच्या वर तेच नाव पुन्हा लिहिलं. त्यावर बोट ठेवून त्या बराच वेळ रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी बाबांना विचारलं, त्यांची खरी तारीख कोणती. मी ते मराठीत सांगितलं.

"सांगणारीच राहिली नाही," बाबा म्हणाले. "मी रांगत होतो तेव्हा आई गेली."

हे मला माहीत होतं. माझी आजी म्हणजे आजोबांची दुसरी बायको. पहिलीबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आंटींनी यादी बाबांपुढे सरकवली. "हर नेम?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात नाव सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी ते ऐकत होतो. आंटींनी पेन माझ्या हातात दिलं. मी बाबांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग लिहिलं.