उंदरांचं मशीन, शेळ्यांची पंगत

शेळ्यांच्या शेडमध्ये लेंड्या आणि किस्से, दोन्ही रोज झाडावे लागतात. चार दिवस राहू द्या, ढीग!

आम्ही धाराशिवात उस्मानाबादी शेळ्यांना कुठला खुराक मानवतो ते तपासतोय. नेटवर कुणीतरी फुकट ठेवलेलं डिझाइन घेऊन मी खुराकाचं मशीन बनवलं. शेळीनं कानातला टॅग जवळ नेला की झडप उघडते, मोजून खुराक पडतो, किती खाल्ला त्याची नोंद होते.

सर म्हणाले होते, "महिनाभर नीट चाललं तर ठीक. नाहीतर पहाटे पाचला येऊन हातानं मोजायचं!" पहाटे पाचला माझी तीन वर्षांची ओवी माझी ओढणी मुठीत धरून झोपलेली असते. तुळजापूरला मागितलं नसेल एवढं मी त्या मशीनपुढं मागितलं.

*

मूळ डिझाइन उंदरांसाठीचं. पहिल्याच दिवशी एका शेळीनं टक्कर मारून झडप तोडली. मी डिझाइनवाल्याला परदेशात मेसेज केला. उत्तर आलं, "तुमच्या उंदराचं वजन किती?"

शेड सांभाळणारे रशीदचाचा म्हणाले, "तीस किलो सांग बेटा. झोप उडंल बिचाऱ्याची!"

*

एक शेळी मशीनच्या हिशेबानं भरपूर खात होती, पण वाळत चाललेली. मी सकाळभर कोडमधली चूक शोधली. शेवटी चाचांनी शेडमध्ये नेलं. बाई कान लावून झडप उघडायची आणि बाजूला व्हायची. तोंड घालायचं तिचं करडू!

"आई हाय ती," चाचा म्हणाले. "कोडमधी कशी सापडंल?"

दुपारी मी डबा उघडला. ओवीनं अर्धवट सोडलेलं धपाटं. माझं वजन का वाढतंय ते तेव्हा कळलं!

*

दसऱ्याला चाचांनी सगळ्या अवजारांबरोबर मशीनलाही झेंडूचा हार घातला, तोही नेमका वजनकाट्यावर. काट्यानं हार खुराक म्हणून मोजला, आणि शेळ्यांनी तो खुराक म्हणूनच खाल्ला. मी इमानदारीनं डिझाइनवाल्याला कळवलं. आता त्याच्या सूचनांमध्ये जगभरच्या लोकांसाठी एक ओळ वाढलीय : "मशीनला फुलांचा हार घालू नये."

*

सासूबाईंनी मशीनचं ऐकलं आणि म्हणाल्या, "असलं एक घरी आण. ओवीच्या मागं वाटी घेऊन पळून माझे गुडघे गेले."

"आई, त्याला कानात टॅग लागतो."

"मग बरंच की! कान टोचायचेच राहिलेत तिचे."

*

महिनाअखेर सर तपासायला आले. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई सोनारीला दर्शनाला गेलेल्या, म्हणून ओवी माझ्याबरोबर. तिला चाचांकडं सोडून, खेळायला माझा टेस्टिंगचा जादा टॅग देऊन, मी आत आले. सर लॅपटॉपवर एकेक शेळीची चालू नोंद बघत होते.

"चालतंय की!" सर म्हणाले. "पहाटे यायची गरज नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी एका रेषेवर बोट ठेवलं. "ही बघा! आत्ता खातेय. घाई नाही, थोडं थोडं घेते, मध्येच थांबते, परत घेते. सगळ्यांत शिस्तीची हीच. कुठली ही?"

मी खिडकीतून पाहिलं. मशीनपुढं मांडी घालून, मुठीत टॅग धरून, ओवी मक्याची भरड चावत होती. मागं चाचा दोन शेळ्यांना कानाला धरून रांगेत थांबवत होते.

"नाव काय हिचं?" सरांनी विचारलं.

"ओवी," मी म्हटलं.

"वा! पुढच्या ट्रायललाही हिला घ्याच."