तिसरा मजला, लिफ्ट नाही

कर्वेनगरमधला आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा सगळ्यात मोठी अडचण ठरले ते माझे वडील. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही. पेपरात छोटी जाहिरात दिली की रविवारी सकाळी दोन-तीन कुटुंबं हमखास यायची. चपला बाहेर काढायची, खिडक्या उघडून बघायची, स्वयंपाकघरातला नळ सोडून धार पाहायची. मग बाबा बोलायला लागायचे आणि ती मंडळी चपला शोधायला लागायची.

बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी संध्याकाळी ते शनिवार पेठेतल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जाऊन बसत. तिथे बिल्डरने गंडवलेली माणसं येत. कुणाच्या खोल्या सांगितल्यापेक्षा लहान निघालेल्या, कुणाला ताबा मिळाला पण पाणी नाही. बाबा त्यांना तक्रार कशी करायची ते नीट समजावत, पण त्याआधी "सही करण्यापूर्वी वाचलं होतंत का?" असं विचारून पुरेसं लाजवत. ग्राहकाला हक्क असतात तशी कर्तव्यंही असतात, हे ते आमच्या दूधवाल्यालासुद्धा ऐकवत. इतकी वर्षं विकणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडलेल्या माणसावर स्वतःच विकायची वेळ आली, की काय होतं ते आम्ही त्या वर्षी पाहिलं.

विकणाऱ्याने न दिसणारे दोष आपणहून सांगितलेच पाहिजेत, असा त्यांचा नियम होता. कायदाही तेच म्हणतो, असं ते सांगत. त्यामुळे आलेला माणूस टेकतो न टेकतो तोच सुरुवात व्हायची. उत्तरेकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आत्ता रंग दिलाय म्हणून कळत नाही. पाणी फक्त सकाळी. मागे मंगल कार्यालय आहे, लग्नसराईत बँड अगदी कानाशी वाजतो. सोसायटी झाली आहे, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे आणि तो सद्गृहस्थ फोन उचलत नाही. एवढं सांगून झाल्यावर ते वर म्हणायचे, "मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका. वकिलाकडून कागद तपासून घ्या."

विश्वास कुणी ठेवतच नव्हतं. एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "एवढं सांगतायत, म्हणजे खरं काय लपवतायत?" घरात कुणी जाळून वगैरे घेतलंय का, असंही त्यांनी चाचपून पाहिलं. एजंटने तर मला स्पष्टच सांगितलं की पार्टी येईल तेव्हा काकांना कुठेतरी फिरायला पाठवत जा. मी बाबांना तसं सुचवलं. ते म्हणाले, मग शनिवारी केंद्रातल्या त्या खुर्चीत मी कोणत्या तोंडाने बसू? ते खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

घाई होती ती आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे गेले होते आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमची इमारत उठली तेव्हा लिफ्टची चैन कुणाच्या डोक्यातही नव्हती. उतरणं तिला कसंबसं जमायचं, चढणं मात्र अशक्य झालं होतं. आदल्या वर्षी एका लग्नाहून परतल्यावर ती पहिल्या मजल्यावर जी बसली ती उठेना. शेवटी सोसायटीतल्या चार जणांनी तिला खुर्चीत घालून वर नेलं. शेजारणी दारं उघडून बघत होत्या. वर पोचल्यावर तिने सगळ्यांना सरबत दिलं आणि ते गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन रडली. त्यानंतर ती खाली उतरली नाही. भाजी बाबा आणायचे, डॉक्टर घरी यायचे, आणि उरलेला दिवस ती गॅलरीत बसून काढायची.

मी कोथरूडला राहत होते, लिफ्टच्या इमारतीत. माझ्याकडे या, असं मी वर्षभर सांगत होते. पण जावयाच्या घरी चार दिवस पाहुणे म्हणून जायचं, बिऱ्हाड घेऊन नाही, यावर त्या दोघांचं एरवी न होणारं एकमत होतं. म्हणून माझ्याच इमारतीतला एक रिकामा फ्लॅट मी त्यांच्यासाठी ठरवला. मालक ओळखीचे होते. दिवाळीपर्यंत थांबतो, म्हणाले. तोवर कर्वेनगरचा फ्लॅट गेला तर आई पुन्हा रस्त्यावर चालताना दिसेल, नाही तर ती त्या गॅलरीतच राहील, इतकं सरळ होतं ते.

नवरात्र संपता संपता लोणी काळभोरचं एक कुटुंब आलं. चाळिशीचा शेतकरी आणि त्याची बायको. मुलीला कर्वेनगरच्या कॉलेजात घातलं होतं, मुलालाही इथल्याच शाळेत आणायचं होतं. बाबांनी ओलीपासून बिल्डरपर्यंत सगळं यथासांग सांगितलं. मी नेहमीप्रमाणे छताकडे बघत बसले. तो माणूस मात्र मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत होता.

"सर," तो म्हणाला, "आजवर बैल घेतले, जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं खोड सांगितलेली ही पहिलीच येळ हाय. मला घर पसंत हाय."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. इसाराचं बोलणंही सुरू झालं. बाबा त्याला बजावत होते की पावती घेतल्याशिवाय कुणाला छदाम देऊ नका, अगदी मलासुद्धा. आई आतून पोहे घेऊन आली, भिंतीचा आधार घेत, आणि त्याच्या बायकोशेजारी बसली. इथे कोण कोण राहणार, असं तिने सहज विचारलं. बायको म्हणाली, दोन्ही पोरं, आणि त्यांना रांधून घालायला सासूबाई. आम्हाला शेती सोडून येता येत नाही. सासूबाई बरोबर आल्या नाहीत का, असं आईने विचारलं. आल्यात की, खाली जीपमध्ये बसल्यात, गुडघे धरलेत ना.

आईने हातातली बशी खाली ठेवली.

"मग हे घर घेऊ नका," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. तो माणूस हसून म्हणाला, "म्हातारीला कुठं जायाचंय बाहेर? चार घास करायचे, पोरास्नी वाढायचे. एकदा वर आणून सोडली की झालं."

"मलाही एकदा आणूनच सोडलंय," आई म्हणाली. "वर्ष झालं. समोरच्या दुकानात गूळ कोणता आलाय ते मला इथून दिसतं, पण हात लावून बघता येत नाही. त्यांना विचारलंत का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत खाली गेले. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. जीपचं दार उघडून एक उंच, काटक म्हातारी बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली आणि मुलगा काय सांगतोय ते तिने ऐकून घेतलं. मग मान वर करून आमचे मजले पाहिले. आई तिला दिसली असावी, कारण तिने हात जोडले. आईनेही जोडले. म्हातारी पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली. तो माणूस वर येऊन अदबीने नाही म्हणून गेला, पोहे संपवून.

मी आईवर भयंकर चिडले. तुझ्यासाठी आम्ही जिवाचं रान करतोय आणि तू आलेलं गिऱ्हाईक घालवतेस, असं बरंच बोलले. बाबा चिडले नव्हते, गोंधळले होते. वर्गात एखाद्या ढ मुलाने त्यांच्याच रीतीने वेगळं उत्तर काढून दाखवल्यावर ते असे दिसायचे.

"अगं, न दिसणारा दोष सांगायचा असतो," ते म्हणाले. "जिना काय लपलेला आहे? तो चढूनच आले ना ते?"

"आपण घर घेतलं तेव्हा मीही चढूनच आले होते," आई म्हणाली.

दिवाळी झाली. ओळखीच्या मालकांनी आणखी आठवडाभर माझ्याकडे बघून कळ काढली आणि मग तो फ्लॅट एका डॉक्टरला दिला. यात त्यांची चूक नव्हती. मी महिनाभर आईशी कामापुरतंच बोलत होते.

लोणीच्या त्या माणसाने पुढे आमच्या समोरच्याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला, पुढे एवढंसं अंगण असलेला. म्हातारी नातवंडांना घेऊन तिथे राहायला आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने अंगणात उभं राहून आमच्या गॅलरीकडे बघत हाक मारली, "ओ बाई, जेवला का?"

हा आवाज शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाण्यासाठी घडलेला होता. आमच्या आईचा आवाज असा की शेजारच्या खोलीतूनही तिला दोनदा विचारावं लागे. पण तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात बोलायचं तर दुसरा इलाज नव्हता. थोड्याच दिवसांत आई कठड्यावर ओणवी होऊन ओरडून बोलायला लागली. मेथी कोवळी आहे का, तीळ भाजताना झाकण ठेवता का, नातवाचा ताप उतरला का. म्हातारी गूळ आणायची, खालून दाखवायची आणि नातवाच्या हाती खडा वर पाठवायची. दोघींचे गुडघे, दोघींचे नवरे, सगळं रस्त्यावरच्या लोकांना पाठ झालं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाबांना याविषयी आडून सुचवून पाहिलं. बाबा त्यांना म्हणाले, मंगल कार्यालयाच्या बँडबद्दल आपण कधी पत्र लिहिलंत का? आधी ते लिहा.

घर बघायला माणसं अधूनमधून येत होती. बाबांच्या सांगण्यात एक फरक पडला होता. ते आता माणसांना वर येऊ देत नसत, खाली फाटकाशीच गाठून आधी विचारत, घरात म्हातारं कोण आहे? याने विक्रीला काय मदत होणार ते उघडच होतं. उन्हाळा आला तरी फ्लॅट आमच्याच गळ्यात होता. आता ही गॅलरीतच संपणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं होतं आणि मी ते कुणाला बोलून दाखवत नव्हते.

चैत्रातल्या एका सकाळी बाबांचा फोन आला. "तुझी आई खाली गेलीये," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रिक्षा करून पोचले. आधी मला वाटलं होतं, पडली. तसं काही नव्हतं. तीन-चार दिवस म्हातारी अंगणात दिसली नव्हती. हाक मारली तरी ओ नव्हती. नातवाने खालून सांगितलं, आजीला ताप आहे, उठत नाही. आईने बाबांना बघून यायला सांगितलं. त्यांनी येऊन सांगितलं, डॉक्टरांनी औषध दिलंय, काळजीचं काही नाही. एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. बाबा अंघोळीला गेले असताना ती दार उघडून पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत तीन मजले उतरली. बाबा बाहेर आले तेव्हा ती रस्ता ओलांडत होती.

मी गेले तेव्हा आई म्हातारीच्या उशाशी स्टुलावर बसली होती. लुगड्याला मागून जिन्याची सगळी धूळ लागली होती. म्हातारी गोधडीतून उठून बसली होती आणि दोघी चहा पीत होत्या, अगदी हळू आवाजात बोलत. मी त्यांना पहिल्यांदाच असं बोलताना पाहत होते. बाबा दारात उभे होते. कोणाकोणाला बोलवावं लागेल, खुर्ची कोणती चालेल, हे ते बोटांवर मोजत होते.

"चला," ते शेवटी म्हणाले. "ऊन व्हायच्या आत वर न्यायला हवं तुला."

"मी आता वर येणार नाही," आई म्हणाली.

बाबांना वाटलं, थोड्या वेळाने येईन म्हणतेय. ते थांबले. तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्याकडे जागा आहे ना गं?"

वर्षभर ज्यासाठी मी भांडले होते ते तिने असं विचारलं, आणि मला नुसती मान हलवता आली. बाबा काहीतरी बोलणार होते. बहुधा जावई, बिऱ्हाड, लोक काय म्हणतील, यातलंच काहीतरी. पण त्यांनी तिच्या लुगड्यावरच्या धुळीकडे पाहिलं आणि ते रस्ता ओलांडून वर गेले.

बऱ्याच वेळाने ते गॅलरीत आले. एका हातात तिची लुगडी होती, दुसऱ्या हातात देवांचा डबा. तिथून ते ओरडून विचारायला लागले, औषधांची पेटी कुठली, फोटो कोणते, हे घेऊ का, ते घेऊ का. एरवी कधी आवाज न चढवणारे बाबा, पण खाली ऐकू येण्यासाठी त्यांनाही दुसरा इलाज नव्हता. आई अंगणात येऊन उभी राहिली. तिने मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही आणू नका. कुलूप लावून या."