परसातला रस्त्याचा दिवा

खंडोजीराव शिंद्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. मधे छातीएवढी कंपाउंडची भिंत. आम्ही नाशिकहून म्हैसूरला आलो, येलवालच्या ह्या लेआउटमध्ये घर घेतलं, तेव्हा पलीकडच्या परसातून मराठी ऐकू येतंय म्हणून मी धावत भिंतीशी गेले होते. मराठीच होती, पण दर तिसरा शब्द कन्नड. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हापासून ते माझे काका आणि त्यांच्या पत्नी भागीरथीबाई माझ्या मावशी.

काका हेब्बाळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वस्तू हातात घेऊन जोखायची सवय गेली नव्हती. हलकी वस्तू म्हणजे फसवणूक, जड ती खरी, हा त्यांचा हिशेब. परसातला दिवा मात्र त्यांच्या हातून राहून गेला होता. एकदा साधा बल्ब लावला, तो पावसात गेला. मग सोलरचे दिवे आणले, ते लागले की नाही हे जवळ जाऊन बघावं लागे. मावशी सांगत राहिल्या, काका ‘करूया की’ म्हणत राहिले, आणि आषाढात एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढताना मावशी शेवाळावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

आम्हीच त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी काका शहरात गेले आणि एक मोठं खोकं घेऊन रिक्षातून उतरले. मला भिंतीशी बोलावून म्हणाले, “नोडम्मा, बघ गं, हात लावून बघ. कसं वजन आहे!”

खोक्यात रस्त्यावर खांबाला असतो तसला एलईडी दिवा होता. करड्या रंगाचा, डोक्यावर सेन्सरची बारकी टोपी.

“काका, हा तर रस्त्याचा दिवा.”

“होय की. रस्त्यावर ऊनपावसात वर्षानुवर्षं टिकतो, मग परसात का नाही? अंधार पडला की आपोआप लागतो, उजाडलं की आपोआप जातो. हिला उठून बटण दाबायला नको.”

पण तो दिवा भिंतीला टेकवून लावायचा नव्हताच. त्याच्या मागे पोकळ नळकांडं होतं, आडव्या पाइपवर बसवायचं, आणि पाइप खोक्यात नव्हता. काकांनी घरातला जुना पाइप काढला, तो बारीक निघाला. दिवा त्याच्यावर नुसता गरगर फिरायचा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून बघितल्या, तर दिवा बसला पण तोंड वाकडं, सगळा उजेड नारळाच्या शेंड्यावर जाणार. शेवटी पुन्हा शहरात जाऊन जाड पाइप आणला.

मग सुरू झाली महादेवस्वामीची वाट. महादेवस्वामी हा आमच्या भागातला इलेक्ट्रिशियन. गोड बोलतो. “नाळे बर्तीनी सार,” म्हणजे उद्या येतो. हा उद्या रोज उद्याच राहिला. काका सकाळी अंघोळ करून, शिडी भिंतीला लावून बसायचे. दुपारी शिडी आत जायची. एकदा तर मी त्यांना शिडीलाच रागवताना ऐकलं.

तो आला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. स्वयंपाकघरात फ्रिजसाठी जी वायर होती तिच्यातूनच त्याने दिव्याला जोड दिली. मावशी प्लास्टरचा हात गळ्यात घालून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “एक स्विच ठेवा की ओ.”

“आपोआप लागणाऱ्याला स्विच कशाला बेकू?” काका म्हणाले. “सुम्नं, उगीच आणखी एक भोक पाडायचं भिंतीला.”

त्या संध्याकाळी दिवा लागला आणि त्यांचं परस लग्नाच्या मांडवासारखं पांढरं झालं. आमच्या ओट्यावरची भांडीसुद्धा चमकायला लागली. मी गुपचूप खिडकीला जाड पडदा लावला. काकांना काही बोलणं माझ्या जिवावर आलं, इतके ते खूश होते. पाऊस पडून गेला की पंखवाल्या वाळव्यांचे ढीग मावशींच्या दाराशी पडायचे, ते काका स्वतः झाडून काढत. “उजेड आहे म्हणून येतात. असूदे.”

मावशींचा जीव अडकला होता तो शेवंतीत. पिरियापट्टणला त्यांची बहीण असते, तिच्याकडून दरवर्षी मे महिन्यात त्या पिवळ्या शेवंतीच्या काड्या आणतात आणि परसात कुंड्यांच्या रांगा लावतात. घटस्थापनेला पहिली फुलं त्यांच्या तुळजाभवानीला, मग आम्हा शेजारच्या घरांना. यंदा हात मोडला म्हणून कुंड्यांचं सगळं काकांनी अंगावर घेतलं. शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, गवत वेचलं. झाडं कमरेएवढी झाली, पानं हिरवीगार. कळी मात्र एक नाही.

“अजून कशी नाही?” मावशी रोज विचारत.

“येईल की! मी काय ओढून काढू?”

मग काकांनी पेंड बंद केली. पाणी कमी केलं, मग वाढवलं. नर्सरीतून कसलीशी पावडर आणली. बहिणीने काड्याच खराब दिल्या असं एकदा म्हणाले आणि त्या दिवशी त्यांना आपला भात आपणच वाढून घ्यावा लागला.

नवरात्र दहाबारा दिवसांवर आलं असताना मावशींनी मला हाक मारली. परसाच्या टोकाला सिमेंटची पाण्याची टाकी आहे. तिच्यामागे जागा उरली नाही म्हणून ठेवलेल्या दोन कुंड्या होत्या. झाडं किडकिडीत, पण दोन्हींवर कळ्या.

“ह्यांना मी पाणीसुद्धा नीट घातलं नाही,” काका चिडून म्हणाले. “बाकीच्यांचे एवढे लाड, आणि कळ्या इकडे?”

दिवस मावळत होता. आम्ही तिथे उभे असतानाच दिवा लागला. टाकीची सावली त्या दोन कुंड्यांवर पडली, बाकी सगळ्या रांगा उजेडात. मावशी सावलीकडे बघत राहिल्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “ह्या दोघींनाच तेवढी रात्र मिळाली.”

मी मोबाइलवर शोधलं. खरंच होतं. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. मी वाचून दाखवलं तेव्हा काकांचा चेहरा असा झाला की मला मोबाइल खिशात घालावासा वाटला.

आता दिवा बंद करायचा तर स्विच नाही. मेनबोर्डावरचं बटण पाडलं तर फ्रिजही बंद. एक रात्र त्यांनी तसं केलं, सकाळी दूध नासलं. महादेवस्वामीला फोन केला. “नाळे सार.” काका फोनवर एवढे ओरडले की आमचा कुत्रा भुंकायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचं न ऐकता ते स्वतः शिडीवर चढले आणि दिव्यावर काळ्या प्लास्टिकचं पोतं बांधून खाली आले. पण पोत्यात सेन्सरही झाकला गेला. त्याला वाटलं रात्रच आहे. दिवा दिवसासुद्धा आत जळत राहिला आणि दुपारपर्यंत प्लास्टिक वितळून वास सुटला.

पोतं काढायला काका पुन्हा वर जायला निघाले तेव्हा मावशींनी डाव्या हाताने शिडी धरून ठेवली. “आता तुम्ही पडा! मग दोघं बसूया प्लास्टर घालून!”

“मग काय करू?” काका ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. “तू पडलीस तेव्हा माझ्यामुळे पडलीस. म्हणून लावला दिवा. तर ही तुझी फुलं घालवली मी. जे करतो ते उलटंच!”

मावशींनी शिडी सोडली नाही. म्हणाल्या, “मी दिवा नको म्हटलं का? स्विच मागितला. सुरवातीपासून तेवढंच मागितलं. तुम्ही ऐकता कुठं?”

 काका चपला घालून बाहेर गेले. माझ्या नवऱ्याने, अरुणने, शिडीवर चढून ते पोतं काढलं.

घटस्थापनेला देवीला बाजारातली फुलं आली. टाकीमागच्या कळ्या अजून उमलल्या नव्हत्या. मावशींनी पूजा केली, प्रसाद दिला, पण दोन दिवस काकांशी कामापुरतंच बोलल्या. महादेवस्वामी उगवला दसरा झाल्यावर, नेमके काका पेन्शनच्या कामाला गेलेले असताना. वायर होती तिथेच त्याने स्विच बसवला, म्हणजे फ्रिजच्या मागे. काका घरी आले, त्यांनी स्विच बघितला आणि डोक्याला हात लावून स्टुलावर बसले. दिवा लावायचा तर फ्रिज आणि भिंत ह्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. मावशींचं मनगट आता जुळलंय, पण पूर्वीसारखं वळत नाही. त्यामुळे ते काम काकांकडे आहे. कपडे काढायची वेळ झाली की ते कुरकुरत फटीत हात घालतात, आणि मावशी आत आल्या की पुन्हा कुरकुरत बंद करतात.

शेवंती कार्तिक सरता सरता फुलली. सण संपले होते. फुलं इतकी आली की मावशींनी टोपली भरून भिंतीवरून माझ्याकडे दिली.

“काय सुंदर आहेत!” मी काकांना म्हटलं.

“आता येऊन काय उपयोग?” ते म्हणाले, आणि पाण्याची बादली उचलून पुढच्या रांगेकडे गेले.